पाण्याच्या नावावर गेलेली माणसं

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलं की गांधीग्रामच्या पुलावर पूर्णा भेटते. पुलाच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर काळी, सपाट जमीन. कसदार जमीन आहे, कापूस देते, तूर देते, हरभरा तर असा देते की बघत राहावं. पण तिच्या पोटात मीठ आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी सुमारे दीडशे किलोमीटर लांब पसरलेला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं त्यात येतात. त्यातलंच दर्यापूर तालुक्यातलं एक गाव माझं माहेर.

मी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत रसायनी म्हणून नोकरी केली. आयुष्यभर याच पट्ट्यातलं पाणी तपासलं. आणि माझ्या वडिलांच्या घराण्यात चार पिढ्या एक दुखणं चालत आलेलं आहे, ज्याला गावानं कायम पाण्याचं दुखणं म्हटलं. या दोन गोष्टी मी एकत्र सांगते आहे, कारण आमच्याकडे त्या कुणी वेगळ्या काढल्याच नाहीत.

आधी मिठाचं सांगते. अकोला जिल्ह्यात दहीहंडा नावाचं गाव आहे. त्या भागात पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या. पिण्यासाठी किंवा ओलितासाठी नव्हे, मीठ काढण्यासाठीच खणलेल्या. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या वाइन या अधिकाऱ्यानं १८६९ साली पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण छापलं. त्या काळातल्या नोंदींप्रमाणे या विहिरी शंभर-सव्वाशे फुटांपर्यंत खोल जात, आणि तळाशी वाळू-गोट्यांचा थर लागला की खारं पाणी भराभर वर चढे. ते आटवून मीठ करत. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधली जमीन खचली, त्या खळग्यात नद्यांनी गाळ भरला, शेकडो फूट जाडीचा. चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, आणि पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात. असं युगानुयुगं चाललेलं आहे. आमच्या गावातले म्हातारे म्हणत, इथं पूर्वी समुद्र होता. समुद्र म्हणा की गाळ म्हणा, विहिरीचा दोर ओढणाऱ्या बाईच्या हाती लागायचं ते एकच.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे मिठावर सरकारचा हक्क आला, रेल्वे आली, रेल्वेतून समुद्राचं मीठ आलं आणि दहीहंड्याचा धंदा बसला. पण विहिरी लोकांच्या ध्यानात राहिल्या. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले तेव्हा वऱ्हाडाला समुद्र कुठला? पण वऱ्हाडाजवळ दहीहंड्याच्या विहिरी होत्या. त्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडानं कायदा मोडला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे वीर वामनराव जोशी ही त्या लढ्यातली आमच्याकडची मोठी नावं. ज्या पाण्यानं आमच्या बायांचे हात फुटले, त्याच पाण्यानं एकदा साम्राज्याला आव्हान दिलं, याचा मला खरोखर अभिमान आहे.

खाऱ्या पाण्याबरोबर जगण्याची एक पूर्ण रीत या पट्ट्यात तयार झाली होती. माझ्या पिढीनं तिचा शेवटचा भाग पाहिला. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. चुलीवर दोन-दोन तास रटरटली तरी दाणा अख्खा. चहात दूध टाकलं की कधी फाटायचं. साबणाला फेस नाही, धुतलेलं लुगडं वाळलं की पापडासारखं कडक. म्हणून घरात पाण्याच्या दोन जागा असत. वापरायचं खारं रांजणात, प्यायचं गोडं माठात. गोड्या पाण्याचा माठ देवघराजवळ, आणि पाहुण्यालासुद्धा त्यातलं पाणी विचारून मिळे. गोडं पाणी म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं. माझी आजी आणि आई पहाटे झिऱ्यावर जायच्या, वाटीवाटीनं पाणी भरायचं, एक गुंड भरायला अर्धा तास. उन्हाळ्यात झिरा आटला की बैलगाडीवर पिपे लादून उत्तरेकडे जायचं. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड लागतं. अंजनगाव सुर्जीला पानमळे आहेत, पानपिंपरी होते, पुढे परतवाड्याला संत्र्याचे बगीचे. तिथून वीस-तीस किलोमीटरवर आम्ही, डाळ शिजवायला पाणी नाही. गाडी येईपर्यंत माठाचा तळ दिसू लागलेला असे.

खाऱ्या मातीचा उपयोगही होता. उन्हाळा संपायच्या आत धाब्यावर खारी माती पसरायची. ती ओली झाली की चिकट होऊन बसते आणि पावसाचा थेंब खाली उतरू देत नाही. आमचं घर त्याच मातीखाली उभं होतं.

नदीशी नातं मायेचंच होतं. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा आणि बालपण दापुऱ्याचं, दोन्ही याच मुलखातली गावं. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषात जत्रा भरते, तिथं त्यांनी घाट बांधला, कारण लोक चिखलातून नदीत उतरत. अकोल्यात १९४४ साली पाऊस रुसला तेव्हा काही तरुणांनी गांधीग्रामला येऊन पूर्णेचं पाणी कावडीनं नेलं आणि राजराजेश्वराला अभिषेक केला. आजही श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी हजारो कावडी रात्रभर चालत जातात. ज्यांना पाण्याची किंमत कळली ती माणसं देवालाही पाणीच वाहतात.

लग्नाच्या बाजारात मात्र आमची गावं खाली असत. पोरगी विहिरीत ढकलून दे पण खारपाणात देऊ नको, असं वरच्या भागातल्या बाया बोलत. आणि त्याला लागूनच दुसरं वाक्य असे: तिथल्या माणसांच्या किडन्या पाणी खाते. अलीकडे पंधरा-वीस वर्षांत वर्तमानपत्रांनी हे वाक्य मोठ्या टायपात छापलं. गावागावांत किडनीचे रुग्ण, तरुण माणसं डायलिसिसवर, आणि चौकटीत हंडा घेतलेल्या बाईचा फोटो. त्यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः तपासलेल्या नमुन्यांत विरघळलेले क्षार लिटरला हजारांत निघत. पिण्याच्या पाण्यात ते ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं आपलं मानक सांगतं. क्लोराइड काढताना नमुना क्रोमेटनं पिवळा करतात आणि वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडतात; रंग विटकरी झाला की थांबायचं. खारपाणपट्ट्यातला नमुना दहापट पातळ केल्याशिवाय घेतला तर नळी रिकामी होते आणि रंग बदलत नाही. नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगायची.

आता घराचं.

माझे वडील १९८३ साली वारले, वय बावन्न. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, पायावर सूज, तोंडाला लघवीसारखा वास. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे? माझी आई म्हणाली, "आमच्या गावात सगळ्याईलेच हाये जी, पाणी खारं हाये." डॉक्टरांनी मान हलवली. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तेराव्याला बसलेल्या बाया आईला सांगत होत्या, "बुढ्यालेही पाण्यानंच नेलं, पोरालेही पाण्यानंच नेलं व माय." आजोबांना मी पाहिलेलं नव्हतं. माझा जन्म व्हायच्या आधीच ते गेले होते.

पुढे कितीतरी वर्षांनी पुतण्याच्या जात पडताळणीसाठी घराण्याचे जुने कागद काढायची वेळ आली. वऱ्हाडात त्यासाठी कोतवाल बुक बघतात. प्रत्येक गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या तोंडून त्या वहीत उतरलेली असते: तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, आणि मृत्यू असेल तर कारण. बरीचशी मोडीत. तहसीलीत मोडी वाचणारे एक गृहस्थ बसत, त्यांच्याकडून मी आमच्या घराच्या नोंदी उतरवून घेतल्या. लोकांना त्या वहीतून जात हवी असते. मी कारणाच्या रकान्यात अडकले. पणजोबा: ताप. त्यांचा धाकटा भाऊ: ताप. आजोबा: सूज. तिघांची वयं चाळीस ते पन्नासच्या मधली. शेजारच्या घरांच्या नोंदीही मी मुद्दाम पाहिल्या. तिथंही ताप होता, पण लेकरांना होता, म्हाताऱ्यांना होता, पटकीच्या साली पटकी होती, १९१८ च्या साथीत एका पानावर ओळीनं ताप. मधल्या वयाचे कर्ते पुरुष एकामागे एक असे आमच्याच घरचे होते.

ताप म्हणजे शंभर दुखणी, हे मला कळतं. जुन्या काळच्या सरकारी मृत्युनोंदीत कारणांची खाती ठरलेली असत, आणि पटकी-देवी-प्लेग यांत न बसणारं बरंच काही तापात पडे. त्या रकान्यावरून पणजोबांचं निदान मी करणार नाही. पण घरी येऊन मी एका मोठ्या कागदावर वंशावळ मांडली. ज्याला-ज्याला पोटाच्या बाजूला गोळा, रक्तदाब, लाल लघवी किंवा सूज होती त्याच्या नावावर लाल खूण केली. आणि त्या कागदानं मला जे दाखवलं ते प्रयोगशाळेतल्या कुठल्याही नमुन्यानं दाखवलं नव्हतं.

माझी आजी वयाच्या पंधराव्या वर्षी या घरात आली आणि नव्वदीपर्यंत त्याच विहिरीचं, त्याच झिऱ्याचं पाणी प्यायली. तिला काही नव्हतं. माझी आई, माझी काकू, सगळ्या बाहेरून आलेल्या, आयुष्यभर त्याच रांजणाच्या. त्यांच्या नावावर खूण नाही. उलट माझी आत्या सोळाव्या वर्षी वर्धा जिल्ह्यात लग्न करून गेली. तिथं विहिरीला गोड पाणी, डाळ एका उकळीत शिजायची. ती शेहेचाळीसाव्या वर्षी एका सकाळी डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. तिचा रक्तदाब वाढलेला असल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तिच्या दोन मुलांपैकी एकाला पुढे तेच निघालं, जे मला निघालं. त्या मुलानं पूर्णेचं पाणी कधी तोंडात घेतलेलं नाही, मामाच्या घरी सुट्टीत प्यायला असेल तेवढंच.

म्हणजे एकाच घरात पाणी पिणाऱ्या बाया वाचल्या, आणि रक्तातल्या माणसांना, ती कुठंही गेली तरी, दुखण्यानं गाठलं. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको होता. पण तो दिसायला घरातल्या लेकीबाळींची नावं वंशावळीत लिहावी लागतात. आमच्या भाटाच्या वहीत मुलींची नावंच नव्हती.

या दुखण्यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्यानं भरलेले फुगे होतात. इंग्रजीत सिस्ट म्हणतात, आता आमच्याकडेही तेच म्हणतात. जन्मापासून सुरुवात होते, पण ते इतके सावकाश वाढतात की तिशी-चाळिशीपर्यंत माणूस धडधाकट असतो. मग रक्तदाब, मग कमरेत दुखणं, मग हळूहळू मूत्रपिंडं थकतात. दुखणं फार जुनं आहे. पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १५८६ साली वारला, त्याचं शव जतन करताना मूत्रपिंडं बैलाच्या मूत्रपिंडाएवढी आणि उंचसखल दिसल्याची नोंद आहे. १८८८ साली पॅरिसमध्ये फेलिक्स लेजार यांनी या रोगाला नाव दिलं. तो घराण्यात कसा उतरतो हे १९५७ साली डेन्मार्कच्या ओव्हे डालगार्ड यांनी पक्कं केलं, २८४ रुग्ण आणि त्यांची कुटुंबं तपासून. आई किंवा बाप कुणा एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. १९८५ साली जनुकाचा पत्ता सोळाव्या गुणसूत्रावर लागला, १९९४ मध्ये जनुक हाती आलं, १९९६ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरचं दुसरं. जगात साधारण हजारात एकाला हे दुखणं असतं असा ढोबळ हिशेब सांगतात. वऱ्हाडात ते नसायचं काही कारणच नाही. डालगार्ड कुटुंबं मोजत होते त्या वर्षांत आमच्या कोतवाल बुकात सूज लिहिलेल्या माणसाचा मुलगा, म्हणजे माझे वडील, ऐन विशीत होते.

माझ्या काकांचं मरण मला सगळ्यांत जास्त छळतं, कारण त्याला कोतवाल बुकातला तोच शब्द लावता आला असता. १९९१ चा पावसाळा होता. काकांना थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत दुखू लागलं. त्या दिवसांत थंडी-ताप म्हटलं की हिवताप, गोळ्या दिल्या. रक्तात हिवतापाचे जंतू निघाले नाहीत. मग टायफॉइडची इंजेक्शनं. कुशीत दुखतं म्हणून कुणी मुतखडा ठरवला, काकूनं पानफुटीची पानं आणून खाऊ घातली. लघवी तपासली, ती स्वच्छ. जंतू वाढवून पाहिले, तेही नाहीत. ताप चार दिवस उतरायचा, पाचव्या दिवशी पुन्हा. इंजेक्शनं बदलली, दवाखाना बदलला. शेवटी अंगात विष पसरलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले. वय एकोणपन्नास. सोनोग्राफीत फुगे दिसले होते; कागदावर लिहून दिलं होतं, दोन्ही बाजूंना अनेक. कुणीही त्या कागदाचा तापाशी संबंध जोडला नाही.

तो संबंध मला कळला तो माझ्यावर पाळी आल्यावर. माझं निदान अडतिसाव्या वर्षी झालं होतं, आणि नंतर एका उन्हाळ्यात मलाही तसाच ताप आला: थंडी, डाव्या कुशीत बोट ठेवून दाखवता येईल अशी एका जागी कळ, आणि लघवी स्वच्छ. नागपूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी मला समोर बसवून समजावलं. फुगा सुरुवातीला मूत्रनळीचाच भाग असतो, पण मोठा होताना तिच्यापासून तुटतो आणि बंद होतो. त्यात जंतू शिरले, बहुतेक वेळा आतड्यातले ई. कोलाय, तर ते आतच वाढतात. लघवीत उतरत नाहीत, म्हणून लघवीची तपासणी निर्दोष येऊ शकते. मला ते चटकन पटलं. शेजारच्या विहिरीचा नमुना आणून या विहिरीचं पाणी गोड आहे असं आमच्या प्रयोगशाळेत कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला परत पाठवलं असतं. हीच गोष्ट औषधाची. रक्तातलं प्रत्येक प्रतिजैविक बंद फुग्याच्या भिंतीतून आत जात नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आत पुरेशी पोचत नाहीत. जी स्निग्धात विरघळतात, जसं सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल, ती पोचतात. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या फुग्यांतलं पाणी काढून त्यात औषध किती उतरलं ते मोजलं, तेव्हा हे उजेडात आलं. आणि औषध पाच-सात दिवसांचं पुरत नाही, चार ते सहा आठवडे लागतं. मोठा फुगा ऐकत नसेल तर सुईनं रिकामा करावा लागतो. डझनावारी फुग्यांतला दुखरा कोणता, हे साध्या सोनोग्राफीला पुष्कळदा सांगता येत नाही. फुग्यात रक्तस्राव झाला तरी असंच दुखतं, खडा असला तरी दुखतं. म्हणून ताप, जागा आणि घराण्याचा इतिहास, तिन्ही एकत्र ठेवूनच वैद्याला ठरवावं लागतं. माझ्या बाबतीत ते वेळेवर ठरलं. सहा आठवडे गोळ्या घेतल्या आणि मी ऑफिसला गेले.

१९९१ साली यातलं बरंचसं छापून झालेलं होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्या बाजारात आलेलं होतं. काकांपर्यंत पोचायला एकच दुवा कमी पडला: हे माणूस अशा घरातलं आहे, ही माहिती. ती माहिती आमच्याकडे होती, आम्ही तिला पाणी म्हणत होतो.

यावरून कुणी म्हणू नये की पाणी निर्दोष सुटलं. गेल्या काही वर्षांत मला हे दुसरं बोलणंही ऐकू येतं, की ही दुखणी आनुवंशिक असतात, गोळ्या खाण्यानं होतात, मधुमेहानं होतात, पाण्याचा उगाच बोभाटा. ते बोलणाऱ्यानं आधी एक महिना आमच्या गावची डाळ शिजवून खावी. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत जिथं वंशावळीत एकही लाल खूण नाही आणि तरी शेतमजूर माणूस चाळिशीत डायलिसिसवर गेला. त्याचा हिशेब पाण्याला, उन्हातल्या कामाला, दुखणं मारायला खाल्लेल्या गोळ्यांना, सगळ्यांना विचारून मांडावा लागेल. आणि आमच्यासारख्या घरात तर दोन्ही दुखणी एकमेकांच्या हाताला धरून येतात. फुग्यांच्या रोग्याला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती मीठ कमी खा, रक्तदाब आटोक्यात ठेवा, दिवसभर पाणी पुरेसं प्या. मीठ कमी कुठून करायचं, जेव्हा ते पेल्यातच आहे? माझ्या वडिलांनी ताटात वरून मीठ घेणं सोडलं होतं. आई भाजीसुद्धा अळणी करायची. आणि उन्हाळ्यात झिरा आटला की त्याच हातानं विहिरीचं पाणी त्यांना द्यायची.

गोडं पाणी पुढे आलं, नळानं आलं. तेल्हाऱ्याच्या वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना, काटेपूर्णेवरून खांबोऱ्याची चौसष्ट खेड्यांची, आमच्या बाजूला शहानूर. पूर्णेवर घुंगशी, नेर-धामण्याचे बंधारे. कृषी विद्यापीठानं शेततळी शिकवली, पावसाचं पाणी जमिनीवरच अडवलं तर ते खारं होत नाही. नळ गावात आला तेव्हा माझी आजी जिवंत होती. ती नळाखाली हात धरून बसली आणि कितीतरी वेळ तोटी बंद करू देईना. पण पाइप फुटतो, बिल थकतं, पाणी आठ-दहा दिवसांआड येतं, आणि मग पुन्हा बोअर किंवा विकतची कॅन. ज्याच्याकडे कॅनचे पैसे नाहीत तो आजही माझ्या आजीच्या काळातच राहतो.

औषधोपचारही जवळ आले. राज्याची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात अमरावती होतं. माझ्या चुलतभावाचं डायलिसिस त्याच योजनेत झालं. नंतर अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्यात मूत्रपिंड बसवायला सुरुवात झाली. भावाला मूत्रपिंड कुणी द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा आम्ही सख्खी-चुलत भावंडं पुढे झालो, आणि एकेक करून बाद झालो. कुणाला फुगे होते, कुणाचं वय कमी, पुढे निघणार नाहीत याची हमी नाही. शेवटी वहिनीनं दिलं, पन्नास किलोमीटरवरच्या गोड्या पाण्याच्या गावातून या घरात आलेल्या बाईनं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती मला म्हणाली, "ताई, माह्या बापानं मले खारपाणात देलं तवा मी लय रडली होती." एवढंच बोलली आणि पोथी वाचायला बसली.

गावात किडनी तपासणीचं शिबिर असलं की मी जाते. रांगेतल्या माणसाला पाण्याचा स्रोत विचारतात: नळ, विहीर, बोअर, कॅन. मी शेजारी खुर्ची टाकून बसते आणि आणखी तीन प्रश्न विचारते. आई-बापापैकी कुणाला किडनीचं होतं का? मामा, आत्या, मावशी, लग्न होऊन गेलेली बहीण? घरात कुणी कमी वयात डोक्यातली रग फुटून गेलं का? सुरुवातीला लोक म्हणायचे, "तसं काई नाई बाई, पाण्याचंच हाये." आता काही जण घरून विचारून येतात. गेल्या शिबिरात एक आजोबा चिठ्ठीवर अकरा नावं लिहून घेऊन आले होते. त्यातली चार बायांची होती.

आमच्या घरात मात्र लपवणं सोपं नव्हतं तसं सांगणंही सोपं नव्हतं. भावाच्या मुलीची सोनोग्राफी पंचविशीत केली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना फुगे निघाले. स्थळं येत होती. तिच्या आईचं म्हणणं होतं, कुणाला सांगायची गरज नाही. खारपाणातली पोरगी म्हणून आधीच लोक नाक मुरडतात, त्यात हे. माझं म्हणणं होतं, सांगायचं. आमचं महिनाभर बोलणं नव्हतं. मुलीनं कुणाचंच ऐकलं नाही. अकोटचा मुलगा बघायला आला, तेव्हा चहाचा ट्रे ठेवून तिनं माझा तो मोठा कागद आणला, त्याच्यासमोर पसरला आणि बोट ठेवून दाखवलं: हे आबा, हे काका, ही आत्या, ही मी. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून कागद पाहिला. त्यांनी विचारलं, "अन् ह्या लाल नसलेल्या कोन?" ती म्हणाली, "ह्या बाहेरून आलेल्या. ह्याईले काही झालं नाही."

ते पंधरा दिवस गप्प होते. मग निरोप आला तो तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, आणि त्यांच्या गावात नळ आहे पण रोज येत नाही, ते चालेल का, हे विचारणारा.